पिंपळपान आतल्या बाजूला

जे सांगणार आहे ते विजयलाही माहीत नाही — विजय माझा नवरा, आणि इतकी वर्षं आम्ही एकाच खोलीत काम केलं, त्यानं कॅमेरा धरायचा आणि मी मिक्सिंग करायचं, म्हणजे शूटिंग कापून-जोडून त्याची फिल्म बनवायची. एका माणसापासून काही लपवायचं तर लांब राहावं लागतं असं वाटतं ना? तसं काही नसतं. शेजारी बसूनही लपवता येतं. उलट शेजारी बसून जास्त नीट लपवता येतं.

कुठून सुरुवात करू? एकदम मुद्द्यावर यावं असं ठरवून बसले होते, पण मुद्दा आला की हात दुसरीकडेच वळतो. तर आधी दुकानाचं सांगते.

जुन्नरच्या बाजारपेठेत, एका गल्लीत, कापडाच्या दुकानावरच्या माडीवर आमचा स्टुडिओ होता. लग्नं, साखरपुडे, बारशी, क्वचित कुणाच्या कारखान्याचं उद्घाटन. माझं माहेर पिंपरी पेंढारचं, शेतकऱ्याचं घर, बऱ्यापैकी जमीन. मुलीनं कॉम्प्युटर शिकावा म्हणून वडिलांनी मला पुण्याला ठेवलं, आणि ते शिकलेलं मी लग्नाच्या व्हिडिओत फुलं उडवण्यासाठी वापरलं. नवरा-नवरी हृदयाच्या आकारात येतात, हृदय फुटून त्याची कबुतरं होतात — असलं सगळं. लोकांना लई आवडायचं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. सीडी आली, मग डीव्हीडी आली, आणि हे असलं सगळं पटपट व्हायला चांगलं ग्राफिक कार्ड लागायचं. विजयनं पुण्याहून एक आणलं. चांगलं वीतभर लांब, वर पंखा, वजनदार. ते मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यात, आडवं बसायचं आणि स्वतःच्याच वजनानं एका बाजूला झुकायचं. त्याची एक बाजू झाकलेली आणि दुसरी — पाठीकडची — उघडी. तिथं सोल्डरिंगचे बारीक टोकदार ठिपके, हजारो.

त्या उघड्या पाठीवर एकदा पाल पडून मेली. मशीन बंद. कार्ड वाचलं ते नशीब.

तेव्हा मिलिंदनं ते पाहिलं. आमच्या जिन्याच्या खालच्याच गाळ्यात मिलिंदचं दुकान होतं — नेमप्लेट, शिल्ड, ट्रॉफ्या. पितळेवर, अॅल्युमिनियमवर अक्षरं कोरायचा. त्याचं घराणं मूळ राजुरीचं, आता जुन्नरातच. आजोबांच्या काळात त्यांनी बौद्ध धम्म घेतलेला. वडील, किसनकाका, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. मिलिंद माझ्याहून थोडा लहान. मला ताई म्हणायचा, मी त्याला नुसतं मिलिंद. चहा वरच यायचा, तिघांचा. त्याचा कप वेगळा नव्हता — हे मी लोकांना आवर्जून सांगायचे. सांगावंसं वाटायचं, यातच काय ते आलं, नाही का?

"ताई, ह्याची पाठ उघडी हाय," तो मशीनमध्ये डोकावत म्हणाला. "उघड्या पाठीचं माणूस बघवत नाय, हे कसं बघवतं तुमाला?"

मी हसले. तो नाही हसला. संध्याकाळी नेटकॅफेत जाऊन बसला आणि दुसऱ्या दिवशी एक प्रिंट घेऊन आला. परदेशात कुणीतरी आपल्या कार्डाच्या पाठीला धातूची पट्टी बसवली होती, रंगवून, नक्षी काढून. "ह्याला बॅकप्लेट म्हनत्यात. आपन करू."

ती प्लेट त्यानं कशी केली ते मी सगळं पाहिलं आहे, आणि म्हणूनच सांगते आहे. पाहिलं नसतं तर निदान मला समजलं नव्हतं असं म्हणायची सोय राहिली असती. आधी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं माप कापलं. कार्डाच्या चिपभोवती चार भोकं चौकोनात असतात, पंखा तिथं आवळलेला असतो; पुठ्ठ्यावर ती चार भोकं उमटवून घेतली. मग अॅल्युमिनियमचा पत्रा, करवत, कानस. कडा इतक्या घासल्या की बोट फिरवलं तर साबणाची वडी वाटावी. मोटार वाइंडिंगवाल्याकडून इन्सुलेशनचा जाड तपकिरी कागद आणला आणि आतल्या बाजूला चिकटवला. शिवाय प्रत्येक स्क्रूला प्लास्टिकचा वॉशर.

"ताई, हे बघून ठेवा," तो म्हणाला. "पत्रा कार्डाला टेकला की खेळ खलास. म्हनून वॉशर. आन वॉशर निसटलाच कधी, तर कागद. दोन्ही पायजेत."

मी बघून ठेवलं.

बाहेरच्या बाजूला त्यानं नक्षी कोरली. गावाशेजारच्या डोंगरातल्या लेण्यांवर पिंपळपानासारख्या कमानी आहेत, शाळेच्या सहलीत आम्ही सगळ्यांनी पाहिलेल्या. तो तिथं वही घेऊन गेला, कमान उतरवून आणली, आणि ती प्लेटवर कोरली — कमान, तिच्या आत पान, पानाच्या शिरा. खाली आमच्या स्टुडिओचं नाव, बारीक. मशीनच्या डब्याची एक बाजू कापून तिथं पारदर्शक अॅक्रिलिक बसवलं आणि आत छोटा दिवा. दिवा लागला की पान उजळायचं. गिऱ्हाइकं यायची आणि आधी तेच बघायची. मी मिरवायचे, खोटं कशाला बोलू. "आमच्या मिलिंदनं केलंय," असं म्हणायचे. पुण्याच्या दोन-तीन पोरांनी इंटरनेटवर त्याचा फोटो पाहून त्याला विचारलं होतं, आमच्या कार्डाला करून देशील का म्हणून. तो काय खूश होता! शिल्डवर 'प्रथम क्रमांक' कोरून कोरून त्याला कंटाळा आला होता. आता काहीतरी स्वतःचं करतोय असं त्याच्या चालण्यात दिसायचं.

त्याच सुमारास त्याच्या बहिणीचं लग्न झालं. सुजाता. आंबेगाव तालुक्यात, घोडेगावला दिली. लग्न जुन्नरलाच, विजयनं शूटिंग केलं — घरचं म्हणून.

त्या लग्नात एक गोष्ट घडली. किसनकाका बोलले.

हे मोठं का, ते सांगते. किसनकाका तोतरे होते. साधे तोतरे नव्हे. एक शब्द बाहेर काढताना मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून ते बोलायचेच नाहीत. डेपोत पाना दाखवून काम सांगायचे. घरातही खुणा, हुंकार. त्यांच्या तोंडून कुणी एक सबंध वाक्य ऐकलेलं नव्हतं, त्यांच्या बायकोनंसुद्धा. आणि त्या दिवशी विधी झाल्यावर, वर-वधूला हार घातल्यावर, सूत्रसंचालन करणाऱ्याच्या हातातून त्यांनी माइक घेतला. आणि बोलले. न अडखळता. पाच-सहा वाक्यं. मंडपात आधी शांतता, मग टाळ्या, लोक उभे राहिले. मी नव्हते तिथं, विजयनं घरी येऊन सांगितलं. पण काय बोलले, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, कानावर हेडफोन नव्हता, आणि टाळ्याच इतक्या... पण बोलले बघ! टेपमध्ये आलंय सगळं."

टेपमध्ये आलं होतं. मी ती टेप मशीनमध्ये उतरवून घेतली आणि विजयनं ती मोकळी झाली म्हणून दुसऱ्या लग्नाला वापरली. त्यात चूक काही नव्हती, सगळेच स्टुडिओवाले तसं करायचे. एकदा हार्डडिस्कवर आलं की टेप मोकळी.

पण मिक्सिंग मी केलं नाही. लग्नसराई होती. आणि — हे लिहिताना पहिल्यांदाच असं सरळ लिहिते आहे — त्यांचं घरचं होतं म्हणून मागं ठेवलं असं मी म्हणायचे, पण घरचं तर माझ्या मावसभावाचंही होतं, ते मी आठवड्यात करून दिलं. मिलिंद तगादा लावणार नाही हे मला माहीत होतं. एवढंच कारण.

किसनकाका एकदा स्वतः आले. जिना चढून आले, दारात उभे राहिले, चप्पल बाहेर. मशीनकडे बोट केलं. मग म्हणाले, "झा... झा..."

"होतंय काका, होतंय," मी म्हटलं. त्यांचा शब्द पुरा होऊ दिला नाही. ते हसले, मान हलवली, गेले. त्यांना स्वतःला बोलताना बघायचं होतं. एवढंच हवं होतं त्यांना.

आता ते सांगते.

पूर्वेकडच्या एका गावचे बागायतदार होते. मुलाच्या लग्नाचं मोठं काम आमच्याकडे दिलं होतं, दोन कॅमेरे, क्रेन, सगळं. ते दुपारचे स्टुडिओत आले, खुर्चीवर बसले, आणि त्यांची नजर त्या उजळलेल्या पानावर गेली.

"हे काय वो?"

मी सांगितलं. कार्डाची प्लेट, इथंच बनवलीय.

"कुनी?"

मी मिलिंदचं नाव सांगितलं. नाव सांगताना आडनावही सांगितलं. का सांगितलं? नुसतं मिलिंद म्हटलं असतं तर चाललं असतं.

ते वाकून बघत राहिले. मग हसले. "म्हंजी आमच्या लग्नाची सीडी ह्याच्यातनं निघनार व्हय? बरंय की राव!" आणि मांडीवर थाप मारली. रागावून नाही. तोडून नाही. चहा येईपर्यंत ते विसरलेसुद्धा, कांद्याच्या बाजाराबद्दल बोलायला लागले. त्यांनी मला काहीही करायला सांगितलं नाही. हे मी पुन्हा सांगते — काहीही सांगितलं नाही.

मी म्हणू शकत होते की ही लेण्यातली कमान आहे, आपल्या जुन्नरची, तुम्हीही लहानपणी पाहिली असेल. म्हणू शकत होते की हो, ह्याच्यातूनच निघणार. मी काय केलं? मीही हसले.

ते पुन्हा येणार होते, थोडं काम पाहायला, सोबत व्याही घेऊन. त्या दिवशी सकाळी विजय शूटिंगला गेलेला. मी मशीन बंद केलं, डबा उघडला, चार स्क्रू काढले आणि प्लेट उलटी केली. पिंपळपान आतल्या बाजूला. भोकं चौकोनात होती, त्यामुळे उलटीही बरोबर बसत होती. फक्त आता काचेतून तो तपकिरी कागद दिसायला लागला. मळकट, डिंकाचे डाग पडलेला. ते बरं दिसेना. म्हणून मी तो सोलून काढला. नखांनी. खाली स्वच्छ, चकचकीत पत्रा निघाला. छान दिसत होता.

स्क्रू आवळताना एक वॉशर निसटून डब्यात कुठंतरी गेला. शोधला, नाही सापडला. ते लोक येण्याची वेळ झाली होती. मी त्या कोपऱ्याला तसाच स्क्रू आवळला.

दोन्ही पायजेत, असं त्यानं सांगितलं होतं. मला ते आठवत नव्हतं का? आठवत होतं. मी स्वतःशी म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

बागायतदार आले, व्याही आले. काम पाहिलं, खूश झाले. मशीनकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

आणि मी ती प्लेट परत सरळ केली नाही. आज करू, उद्या करू. मिलिंदला दिसू नये म्हणून डब्याचं काचेचं तोंड भिंतीकडे वळवून ठेवलं. वळवताना लक्षात आलं — आधीच हे केलं असतं तर? प्लेटला हात लावायचं कामच नव्हतं. नुसता डबा वळवायचा होता. पण पहिल्यांदा मला तो डबा वळवावासा वाटला नाही, ते पान पुसून टाकावंसं वाटलं. यातला फरक मला कळतो. तुम्हालाही कळत असेल.

दिवाळीच्या आधी किसनकाका गेले. डेपोतून आले, पाणी मागितलं — खुणेनं — आणि आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा मिलिंदची आई, शांतामावशी, भिंतीला टेकून बसली होती, आणि सुजाता घोडेगावहून येऊन पोहोचत होती. मिलिंद मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, जलदान विधीला लोकं जमतील. बाबा बोललेले तेवढं दाखवता आलं तर... बाकी लग्न ऱ्हाऊ द्या. तेवढंच. आईनं ऐकलंच नाय. ती तवा मागं, भांड्यांपाशी व्हती. मी जनरेटरपाशी. आमी दोघांनी बी ऐकलं नाय."

मी म्हटलं, उद्याच करते.

आणि बसले. खरंच बसले. दुपारची वेळ, उकाडा, पंखा गरगरतोय. लग्नाचा सगळा माल उघडला, मशीनला कामाला लावलं, आणि पाणी प्यायला उठले. मागून फट् असा आवाज आला. बारीकच. मग जळक्या प्लास्टिकचा वास. वळून पाहते तर डब्यातून धूर. मी मेन स्विच बंद केला. डबा उघडला. त्या कोपऱ्यात, जिथं वॉशर नव्हता तिथं, पत्रा कार्डाला टेकला होता. काळा डाग. पानाच्या एका शिरेपासून सुरू झालेला. कोरलेल्या रेघेची कड वर आलेली असते, तिनंच काम केलं असणार. आणि जाताना पॉवर सप्लायनं हार्डडिस्कही नेली.

आता ऐका मी काय केलं. रडले नाही. पहिली गोष्ट मी ही केली की प्लेट काढली, ते जळकं कार्ड काढलं, दोन्ही पिशवीत घातलं, खाली उतरले — मिलिंदचं दुकान बंद होतं, त्यांच्यात सुतक पाळत नाहीत, पण घरी भेटायला माणसं येत होती — आणि बाजाराच्या टोकाला भंगारवाल्याकडे टाकून आले. परत येऊन मग विजयला फोन लावला आणि मग रडले. या क्रमानं.

कळलं तसा मिलिंद धावत आला. मोकळा डबा पाहिला. "काय झालं ताई?"

"टेकली तुझी प्लेट," मी म्हटलं.

तीनच शब्द. आणखी काही बोलावं लागलं नाही. तो खाली बसला. डब्यात हात घालून चाचपत राहिला, आणि त्याच्या हाताला काय लागावं? तो निसटलेला वॉशर. त्यानं तो चिमटीत धरला, उजेडात पाहिला. मला वाटलं, आता विचारेल, हा इथं कसा?

"उष्णतेनं ढिला झाला आसंल," तो म्हणाला. स्वतःशीच. "मीच लहान घेतले वॉशर. अजून जाड घ्यायला पायजे व्हते." मग म्हणाला, "आन कागद? कागद बी जळाला?"

"जळाला," मी म्हटलं.

"प्लेट कुठाय?"

"रागात टाकली भंगारात."

त्यानं मान हलवली. त्याला माझा राग बरोबर वाटला! मला म्हणाला, "तुमचं एवढं मशीन गेलं माझ्यापायी." मी काय म्हणाले असेन? मी म्हटलं, "जाऊ दे." मी त्याला माफ केलं. कळतंय का तुम्हाला? मी त्याला माफ केलं.

हार्डडिस्क टॉवेलात गुंडाळून तो पुण्याला घेऊन गेला. एसटीत मांडीवर ठेवून. कुणाकुणाकडे फिरला, संध्याकाळी परत आला. काही निघत नाही म्हणाले. जलदान विधीला एक फोटो होता फक्त, हार घातलेला.

मिलिंदनं घरात सगळ्यांना सांगितलं की बाबांचा आवाज माझ्या हातानं गेला. असंच सांगितलं, लपवलं नाही. त्याच्या जागी मी असते तर... ते राहू द्या, त्याच्या जागी मी नव्हतेच कधी. सुजाता त्याला सगळ्यांदेखत म्हणाली, "दादा, तुला कुनी सांगितला व्हता ह्यो उद्योग? नेमप्लेटा करत व्हता ते काय वाईट व्हतं?" आणि घोडेगावला निघून गेली. पुढची कितीतरी वर्षं रक्षाबंधनाला आली नाही. मिलिंद त्या दिवशी दुकान उघडून बसायचा, हात मोकळा, जिन्यावरून जाता-येता मला दिसायचा.

पुण्याच्या पोरांना त्यानं नाही म्हणून कळवलं. नक्षीची वही दिसेनाशी झाली. परत 'प्रथम क्रमांक', परत 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. एकदा मी म्हटलं — आणि मी हे का म्हटलं ते देवच जाणे — "अरे, पुन्हा करून बघ की एखादी." तो म्हणाला, "नको ताई. माझ्या हाताला अंदाज नाय." साध्या आवाजात म्हणाला. जसं कुणी सांगावं, मला चष्मा लागलाय.

त्याच्या हाताचा अंदाज बरोबर होता. जगात हे माहीत असलेलं एकच माणूस त्याच्या डोक्यावरच्या माडीत बसलेलं होतं.

नवं मशीन आलं तेव्हा त्यानं आमच्या स्टुडिओसाठी पितळेची पाटी करून आणली. भरपाई म्हणून. घेऊ नये असं वाटलं, पण नाही म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं. विजयनं ती दाराशी ठोकली. मी खिळे धरून उभी होते.

इथं थांबता आलं असतं. हे एवढंच असतं तरी पुरे होतं. पण अजून आहे.

काही वर्षांनी शांतामावशी जिना चढून आली. मिलिंद तिचा हात धरून होता. ती बसली, पदरानं तोंड पुसलं, आणि म्हणाली, "बाई, तू तर ऐकलं आसशील. कानाला ते लावून बसती ना तू. काय म्हनलं व्हतं त्यांनी?"

मी म्हटलं, "मंडपात इतके लोक होते मावशी..."

"सगळ्यांला इचारलं. बोलला, बोलला, एवढंच म्हनत्यात. काय बोलला ते कुनाच्याच ध्यानात न्हाई. सुजी रडत व्हती, तिला बी न्हाई. तूच राहिली."

खरं काय होतं सांगू? टेप उतरवताना मी आवाज बंद ठेवला होता. टेप आपोआप उतरत असते, तिच्याकडे बघावं लागत नाही. मी तेव्हा बागायतदाराच्या मुलासाठी गाणी निवडत होते. किसनकाकांचा एक शब्दही मी ऐकलेला नाही.

हे तरी सांगायचं होतं. नुसतं हे. मावशी, मी नाही ऐकलं. यात माझं काय जाणार होतं? पण ती समोर बसलेली, आणि मिलिंद माझ्याकडे बघतोय, आणि मला वाटलं, इतकं घेतलं यांचं, काहीतरी द्यावं. बघा — म्हणजे मी तेव्हाही स्वतःला देणारी समजत होते.

मी म्हटलं, "काका म्हणाले, मी आयुष्यभर बोललो नाही, पण माझं न बोललेलं सगळं हिच्या आईनं ऐकलं. सुजाता, तूही तशीच हो."

शांतामावशी रडली. मोठ्यानं नाही, तोंडावर पदर घेऊन, खांदे हलत होते. मिलिंद म्हणाला, "ताई, उपकार झाले तुमचे."

मग ते वाक्य गावभर झालं. मावशी भेटेल त्याला सांगायची. हळूहळू मंडपातल्या लोकांनाही आठवायला लागलं — हां हां, असंच म्हणाला होता किसन. मिलिंदची पोरं ते वाक्य पाठ म्हणतात, आजोबा असं बोलले म्हणून. मी स्टुडिओत बसून लग्नाच्या व्हिडिओसाठी असली वाक्यं रोज लिहायचे. त्यातलंच एक होतं ते.

मावशी वारली. तिच्या डोक्यात नवऱ्याचा आवाज होता आणि त्या आवाजात माझे शब्द.

त्यानंतर सुजाताचा फोन आला. भावाशी बोलणं तिनं पुन्हा सुरू केलं होतं, आईच्या दुखण्यात. इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाली, "ताई, एक इचारू? बाबा माझ्या लग्नात आईबद्दल बोलले. माझ्याबद्दल... तूही तशीच हो, एवढंच? आनखी काय बी नव्हते बोलले?"

त्यांच्या बोलण्याचं मला काहीच माहीत नव्हतं. पण आवाज बंद असला तरी पडद्यावर चित्र चालू होतं, आणि एकदा माझी नजर वर गेली होती. त्यांच्या हातात माइकची वायर घट्ट गुंडाळलेली. ओठ हलत होते. आणि ते बोलत होते तो सगळा वेळ त्यांची नजर सुजाताच्या तोंडावर होती. लोकांकडे नाही, कॅमेऱ्याकडे नाही. तिच्यावरून ती एकदाही हलली नाही. एवढं मी पाहिलं होतं. त्या मुलीला देण्यासारखं एवढंच खरं माझ्याकडे होतं. पण ते सांगायचं तर आवाज बंद होता हेही सांगावं लागलं असतं, आणि मग एकातून एक निघत गेलं असतं.

"तेवढं आता आठवत नाही गं," मी म्हटलं.

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.